मन लागत नाही त्या दिवशीचं काम

कोलकात्याहून बोलतोय.

आजचा विषय माझ्या भाच्यानं दिला. तो पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं फौजेत काढलीत. थंडी, बर्फ, घरापासून लांब, रोज उठून तेच. तुम्हाला मोटिव्हेशन कुठून मिळायचं?"

मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे मोटिव्हेशन आहे का, असं कुणी कधी विचारलंच नाही. पहाटे शिट्टी वाजायची आणि आम्ही बूट घालायचो."

तो हसला. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच्या टीममधले चार जण कमी केलेत. त्यांचं काम याच्यावर आलंय. सकाळी लॅपटॉप उघडला की अर्धा-पाऊण तास नुसता बघत बसतो, म्हणाला. मग उशीर होतो, मग रात्री जागतो, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. त्याच्याकडे शिट्टी नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे नसते.

फौजेतली उदाहरणं मी देऊ शकतो. सिक्कीममध्ये एका उंच चौकीवर असताना असे आठवडे यायचे की हेलिकॉप्टर नाही, टपाल नाही, रस्ता बंद. बुखारीभोवती बसून जवान एकमेकांशी बोलेनासे व्हायचे. तेव्हा आमचे सुभेदार साहेब भाषण द्यायचे नाहीत. ते रॉकेलचे जेरीकॅन मोजायला लावायचे. काल मोजलेले असले तरी. मला तरुणपणी गंमत वाटायची. पण मोजून आलेला जवान जेवताना दोन शब्द जास्त बोलायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता हे सांगितलं की लोक म्हणतात, साहेब, तुमचं वेगळं. तुम्हाला हुकूम असतो. बरोबर आहे. म्हणून आज अशा माणसाची गोष्ट सांगतो जो गणवेशात होता, पण ज्याचं खरं काम त्याला कुणी सोपवलेलंच नव्हतं. उलट त्यात अडथळेच आले. आणि ते काम पार पडलं ते माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

कोलकात्यात मैदानाच्या दक्षिण टोकाला एक मोठं सरकारी रुग्णालय आहे. कागदावर एसएसकेएम, लोकांच्या तोंडी पीजी. म्हणजे जुनं प्रेसिडेन्सी जनरल. जवळच पूर्व कमांडचं मुख्यालय, फोर्ट विल्यम. त्याला आता विजय दुर्ग म्हणतात, आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या विजयदुर्गावरून. मराठी माणसाला इथे फिरताना तेवढंच बरं वाटतं. तर त्या पीजीच्या कुंपणात एक स्मारक आहे. तिथून सत्तर यार्डांवर एका लहानशा प्रयोगशाळेत सर्जन-मेजर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ साली मलेरिया डासांमुळे कसा पसरतो ते शोधून काढलं, असं त्यावर लिहिलंय. रवींद्र सदन मेट्रोला उतरलात तर चालत जाता येतं.

शाळेत आपण एक ओळ शिकतो. रॉसनं मलेरियाचा शोध लावला, १९०२ साली नोबेल मिळालं. मधले दिवस कुणी शिकवत नाही, आणि आपल्या कामाचे आहेत ते मधलेच दिवस.

रॉस जन्मला अल्मोड्याला, १३ मे १८५७ रोजी. मेरठला उठाव झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी. बाप सैन्यात अधिकारी. पोराला कविता लिहायच्या होत्या, चित्रं काढायची होती. बापाच्या इच्छेखातर तो डॉक्टर झाला आणि १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. म्हणजे आवडीच्या कामावर नव्हताच. आपल्याकडे किती घरांतली ही गोष्ट आहे!

१८९४ मध्ये रजेवर लंडनला गेला असताना त्याला पॅट्रिक मॅन्सन भेटले. हिवतापाचा जंतू रक्तात असतो हे एका फ्रेंच लष्करी डॉक्टरनं, लॅव्हराननं, १८८० मध्ये पाहिलं होतं. मॅन्सननी रॉसला तो सूक्ष्मदर्शकातून दाखवला आणि आपली शंका सांगितली, की याचा डासाशी काहीतरी संबंध असावा. रॉसच्या डोक्यात ते बसलं. १८९५ मध्ये तो भारतात परतला, सिकंदराबादला एका मद्रासी पलटणीबरोबर. दिवसा पलटणीच्या दवाखान्याची ड्युटी, आणि वेळ मिळेल तेव्हा डास फाडून बघायचे.

जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट महिना, दख्खनचा उकाडा. पंखा ओढायला माणूस ठेवता येत नाही, कारण वाऱ्यानं फाडलेला डास उडून जाईल. डोळ्यांभोवती चिलटं. कपाळाच्या नि हातांच्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले, डोळ्याला लावायची काच तडकलेली. आणि शोधायचंय काय, तर ते कसं दिसतं हेसुद्धा ठाऊक नाही. मधे त्याला बेंगळुरूला पाठवलं, कॉलऱ्याची साथ होती म्हणून. मधे स्वतःला मलेरिया झाला. शेकडो डास पाहून झाले. काही नाही. चुकीच्या जातीचे डास तपासत होता, पण हे तेव्हा त्याला कुठून कळणार?

१८९७ च्या ऑगस्टमध्ये वेगळ्या जातीचे, पंखांवर ठिपके असलेले डास हाती लागले. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण होता. त्याला मच्छरदाणीत झोपवून हे डास चावू दिले. दर डासामागे एक आणा. दहा डास चावले, हुसेन खानला दहा आणे मिळाले. त्या सगळ्या प्रकरणात वेळच्या वेळी मोबदला मिळालेला बहुधा तो एकटाच. २० ऑगस्टला, उरलेल्या शेवटच्या डासांपैकी एकाच्या पोटाच्या भिंतीत रॉसला ते काळ्या कणांचे गोल दिसले. आज जगभर २० ऑगस्ट हा डास दिन म्हणून पाळतात, तो यामुळे.

आता पेढे वाटावेत असा प्रसंग. आणि नेमकं काय झालं? बदली. सप्टेंबरमध्ये हुकूम आला. आधी मुंबई, तिथून राजपुतान्यात खेरवाडा. खेरवाड्यात मलेरिया जवळजवळ नाही. दोन वर्षं धुंडाळून दार किलकिलं झालं, आणि त्याच क्षणी माणसाला उचलून दाराविना भिंतीपाशी नेऊन ठेवलं. ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रॉस काही संत नव्हता. तापट होता, पटकन दुखावणारा. राजीनाम्याच्या गोष्टी करू लागला. पुढच्या आयुष्यात इटलीच्या ग्रासीशी श्रेयावरून भांडला, आणि ज्यांनी हात धरून आणलं त्या मॅन्सनशीही त्याचं बिनसलं. हे मी मुद्दाम सांगतोय. अवघड दिवसांत काम करत राहणारी माणसं शांत, हसतमुख, पहाटे ध्यान करणारी असतात असा आपला समज असतो. हा माणूस चिडचिड्या होता. चिडचिड करत काम करत होता.

मॅन्सननी लंडनहून सरकारकडे शब्द टाकला. फेब्रुवारी १८९८ मध्ये रॉस एका वर्षाच्या खास कामगिरीवर कोलकात्याला आला. प्रयोगशाळा मिळाली. आता तरी सगळं सुरळीत व्हावं ना? नाही. कोलकात्यात आलेल्या मलेरियाच्या रुग्णांना लगेच औषध दिलं जायचं, म्हणजे रक्तातले जंतू गेले. त्यातून त्या वर्षी शहरात प्लेगची भीती. सरकार सुया टोचून मारतंय अशा अफवा, त्यावरून दंगे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब द्यायला कोण तयार होणार? मदतीला दोन माणसं ठेवली, त्यातला एक पहिला पगार घेऊन जो गेला तो परत आलाच नाही. दुसरा राहिला, त्याचं नाव मुहम्मद बक्ष.

म्हणजे हातात एक वर्ष, समोर सूक्ष्मदर्शक, आणि तपासायला माणूस नाही.

इथे मॅन्सननी पत्रातून सुचवलं, की पक्षी घे. पक्ष्यांनाही मलेरिया होतो, तो जंतू जवळच्याच जातीचा. रॉस वैतागला. पक्ष्यांचा मलेरिया बघायला मी भारतात कशाला राहायला हवं, अशी त्याची तक्रार. तक्रार खरीच होती. तो आला होता माणसांचा आजार शोधायला, आणि आता पिंजऱ्यात चिमण्या!

पण त्यानं चिमण्या घेतल्या. मार्चमध्ये आजारी पक्ष्यांना चावलेल्या डासांत त्याला तेच काळ्या कणांचे गोल दिसू लागले. आता चुकतंय कुठे हे तपासता येत होतं, कारण माल हवा तेवढा होता. पक्षी मिळत होते, डास बक्ष आणत होता. उन्हाळाभर तो एकेका दिवसानं मोठ्या होत गेलेल्या गोलांचा माग काढत राहिला. ते फुटतात, त्यातून सुतासारखे जंतू बाहेर पडतात, आणि जातात कुठे? ४ जुलै १८९८ रोजी त्याला ते डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडले. म्हणजे डास चावतो तेव्हा जंतू आत सोडतो. मॅन्सनचा अंदाज होता की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी प्यायल्यानं ताप येतो. तो अंदाज चुकीचा ठरला. मग त्यानं निरोगी चिमण्यांना ते डास चावू दिले, त्या आजारी पडल्या, आणि साखळी पुरी झाली. माणसांमधला उरलेला भाग इटलीत त्याच वर्षाअखेर सिद्ध झाला. रॉसला मधेच काळा आजारासाठी आसामला जावं लागलं होतं. म्हणजे अडथळे शेवटपर्यंत संपले नाहीतच.

मी पीजीच्या बाजूनं जातो तेव्हा मला नोबेल आठवत नाही. मला चिमण्या आठवतात. भाच्याला मी तेच सांगितलं. ज्या दिवशी तुला हवं ते काम हवं तसं करता येत नाही, त्या दिवशी तुझी चिमणी कोणती ते शोध. मूळ कामाच्या नात्यातलंच, पण आज, या अवस्थेत, या हातांनी होण्यासारखं. इथे लोक एक गल्लत करतात. टेबल आवरणं, जुने मेल पुसणं, चौथा चहा, ही चिमणी नव्हे. रॉसनं वेळ घालवायला फुलपाखरं पकडली नाहीत. जंतू जवळच्याच जातीचा, शोध तोच, फक्त माणसाऐवजी पक्षी. शिक्षिका असाल आणि आज वर्गात उभं राहून शिकवायचं बळ नसेल, तर मुलांना लिहायला बसवून दहा वह्या नीट तपासा आणि कोण कुठे अडलंय ते टिपून ठेवा. विक्रीच्या कामात असाल आणि फोन करायला जीभ उचलत नसेल, तर गेल्या सहा महिन्यांत नाही म्हणालेल्यांची यादी काढून कशासाठी नाही म्हणाले ते लिहा. उद्याचा फोन त्यातूनच होणार आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. रॉसनं रोज संध्याकाळी स्वतःला विचारलं असतं की आज मलेरियाचा शोध लागला का, तर दोन वर्षं रोज उत्तर नाही असंच आलं असतं. अशा उत्तरावर माणूस टिकत नाही. आज किती डास पाहिले, याचं उत्तर मात्र रोज देता येतं. आमचे सुभेदार साहेब जेरीकॅन मोजायला लावायचे त्यात हीच अक्कल होती. वाईट दिवसाचं माप थकलेल्या माणसाच्या हाताला येईल एवढं खाली ठेवायचं. माझा भाचा आता आदल्या संध्याकाळी एका चिठ्ठीवर उद्याचं पहिलं काम लिहून लॅपटॉपवर चिकटवतो. पूर्ण प्रोजेक्ट नाही, पहिला डास. तेवढं झालं की पुढचं बघू. कधी पुढचं होतं, कधी होत नाही.

आणि पत्रं. रॉस आणि मॅन्सन यांच्यातली पत्रं शंभराहून जास्त आहेत. जहाजानं जायची, उत्तर यायला आठवडे. त्यात शोध आहेत, तक्रारी आहेत, सरकारला शिव्या आहेत. पक्ष्यांची कल्पना आली ती याच पत्रांतून. एकट्या रॉसला ती घ्यावीशीही वाटत नव्हती. वाईट दिवसात आपली नजर आखडते, समोरची भिंतच दिसते. बाजूची खिडकी दुसऱ्याला दिसते. तो दुसरा बरोबरच असायला हवा असंही नाही. मॅन्सनचा पाण्याचा अंदाज चुकलाच की. त्याचं वाचणं, उत्तर देणं पुरे होतं. तुमचं असं एक माणूस असू द्या, आठवड्यातून एकदा काय केलं ते ज्याला कळवायचं. बायको किंवा नवरा शक्यतो नको, त्यांच्यावर आधीच पुष्कळ ओझं असतं.

आता थोडं माझं. निवृत्तीनंतर मी काही वर्षं इथे एका औषधांच्या गोदामाचं प्रशासन बघत होतो. २० मे २०२० ला अम्फान वादळ आलं. लॉकडाऊन चालूच होता. रात्रभर वारा, सकाळी रस्त्यांवर झाडंच झाडं, वीज गेलेली, फोन मुके. गोदामात एका बाजूनं पाणी शिरलं होतं. आमचा स्टोअरकीपर सुंदरबनच्या बाजूचा, पाथरप्रतिमाचा. लॉकडाऊनमुळे महिनाभर गोदामातच राहत होता. घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. वादळ नेमकं त्याच पट्ट्यातून आलेलं, आणि कुणाचा फोन लागत नाही.

मी त्याला म्हटलं, तू बस, आज काही करू नकोस. तो दहा मिनिटं बसला. मग उठून आला आणि म्हणाला, "शार, किछु गुनते दिन." सर, काहीतरी मोजायला द्या.

संगणक बंद, तेव्हा जुनं रजिस्टर काढलं. कोरडे खोके एका बाजूला, ओले दुसऱ्या बाजूला, आणि तो टॉर्चच्या उजेडात बॅच नंबर वाचून हातानं लिहीत बसला. संध्याकाळपर्यंत तीन रांगा झाल्या. रात्री जेवला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी डायमंड हार्बरकडे जाणारी एक गाडी मिळाली, तिच्यातून त्याला ताडपत्री आणि थोडा शिधा देऊन पाठवलं. घरचे शाळेच्या इमारतीत होते, सुखरूप. छप्पर गेलं, पानमळा गेला. तो महिन्याभरानं परत आला. ते रजिस्टर पुढे विम्याच्या कामाला उपयोगी पडलं, पण त्यानं ते विम्यासाठी लिहिलं नव्हतं.

ऐकणाऱ्यांत साहेब लोक असतील तर त्यांना एक सांगतो. मोजायला त्यानं मागितलं होतं, मी लावलं नव्हतं. या गोष्टीचा आधार घेऊन कुणी घर उडालेल्या माणसाला कामाला जुंपू नये. आणि चार जणांचं काम एकाच्या गळ्यात मारून वर त्याला प्रेरणेची भाषणं ऐकवायची, याला मी नेतृत्व म्हणत नाही. दहा जणांच्या सेक्शनमध्ये सहाच उरले, तर शहाणा अधिकारी काम सहा जणांचं करतो किंवा वर जाऊन माणसं मागतो. भाच्यालाही मी म्हटलं, की तुझी चिमणी तू शोध, पण आठवड्याला किती तास कशात जातात ते लिहून वरिष्ठांपुढे ठेव. तक्रार म्हणून नको, हिशेब म्हणून ठेव. त्यानं ठेवलाय. उत्तर अजून आलेलं नाही.

शेवटचं. पलटणीत रोज सकाळी सिक रिपोर्ट असतो. ज्याला बरं नाही तो डॉक्टरकडे जातो. डॉक्टर काही जणांच्या चिठ्ठीवर एम अँड डी लिहितात, म्हणजे औषध घे आणि ड्युटीवर जा. काहींना ड्युटीतून सूट मिळते. काहींना लगेच रुग्णालयात हलवतात. कोण कुठल्या गटात, ते जवान स्वतः ठरवत नाही, आणि त्याचा सुभेदारही ठरवत नाही. मी आज जे बोललो ते सगळं एम अँड डीवाल्यांसाठी आहे. ज्यांना दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, नकोच हे सगळं असे विचार येतात, त्यांनी चिमण्या शोधत बसू नये. त्यांनी सिक रिपोर्टला जावं. सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. पैसे पडत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं तो लावला, आणि लावला हे चारचौघांत सांगितलंही. आमच्या पिढीत हे सोपं नव्हतं.

पुढच्या भागात झोपेबद्दल बोलू. जय हिंद.